ट्रेमधला तिसरा कागद

नौदलातून तटरक्षक दलात जायचं असेल तर एक फॉर्म भरावा लागतो. एकच पान. वरच्या अर्ध्यात आपण लिहायचं, मला जायचंय. खालच्या अर्ध्यात जहाजानं लिहायचं, जाऊ दे. सरकारी कागदांत इतका साधा कागद दुसरा नाही, आणि म्हणूनच तो फार जपून ठेवला जातो.

मी 'वेदरबी'चा कारकून होतो. जहाजावर तोफा चालवणारे असतात, इंजिन सांभाळणारे असतात, पण जहाज खरं चालतं कागदावर, असं आम्ही कारकून मानायचो. 'वेदरबी'च्या बाबतीत त्यात अतिशयोक्ती नव्हती. ती दुरुस्तीसाठी नॉरफोकच्या धक्क्याला लागली होती आणि पावणेदोन वर्षं फक्त कागदावर चालत होती.

वेरा नीमी आमच्याकडे पहिल्या श्रेणीची पेटी ऑफिसर होती, कामाने सारंग. म्हणजे दोर, नांगर, रंगकाम आणि जहाजावरच्या लहान बोटी तिच्याकडे. वय चौतीस, नोकरी बारा वर्षांची. बोलणं मोजकं. तिच्या घराण्यात सगळेच तसे होते म्हणे. फिनलंडहून आलेली माणसं, ऑरेगॉनच्या किनाऱ्यावर पाईन स्लू नावाच्या गावात तीन पिढ्या खेकडे धरत होती आणि एकमेकांशी नाताळला बोलत होती.

त्या गावात नदी समुद्राला मिळते आणि मुखाशी वाळूचा मोठा दांडा आहे. ओहोटीचं पाणी बाहेर निघालेलं असताना समोरून समुद्राची लाट आली की दांड्यावर ती भिंतीसारखी उभी राहते. दरवर्षी दोन-चार होड्या तिथे उलटतात. तटरक्षक दलाचं ठाणं तिथे त्यासाठीच आहे. वेराचा बाप आर्व्हो, वय त्र्याहत्तर, अजूनही रोज सकाळी एकटा तो दांडा ओलांडून खेकड्याचे पिंजरे टाकायला जायचा. त्याला थांबवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं, आणि त्याच्या मुलीला तर नाहीच. तेव्हा वेराने ठरवलं की तो थांबणार नसेल तर आपण तिथल्या बचाव बोटीवर जावं. पाच वर्षांत पहिल्यांदा त्या ठाण्यात सारंगाची जागा निघाली होती. दलाच्या प्रशिक्षणाचा नवा वर्ग चोवीस जानेवारीला केप मे इथे सुरू होणार होता. जहाजाची सही झालेला फॉर्म नऊ जानेवारीला दुपारी चारच्या आत भरती कार्यालयात पोचायला हवा होता. नाही पोचला, तर जागा दुसऱ्याची.

चौदा ऑक्टोबरला तिने फॉर्म भरून चीफ डुप्रीच्या हातात दिला. चीफ डुप्री तिचा वरिष्ठ. लुइझियानाचा, गोल, आणि सतत काहीतरी चघळणारा.

"तटरक्षक दल?" चीफ म्हणाला. "अगं, ते डबक्यातले चाचे! भरतीला उंची सहा फूट लागते, माहीत आहे ना? बोट बुडाली की चालत किनाऱ्याला यायचं असतं."

"मी पाच फूट चार आहे, चीफ."

"मग तू बुडणार."

"पोहता येतं मला."

"नौदलात राहून पोहायला शिकलीस? कुणी शिकवलं?"

"वडिलांनी. होडीतून ढकलून."

चीफने थोडा वेळ चघळणं थांबवलं, सही केली आणि कागद माझ्याकडे फेकला. "घे रे बॅस्कम. पाठव वर. आणि या बाईसाठी रबरी बदक मागव एक."

त्याच्या वरचे दोन अधिकारी तरुण होते. तरुण अधिकारी समोर येईल त्यावर सही करतात. चार दिवसांत कागद उपकप्तानांकडे पोचला. तिथे त्याचा प्रवास संपला.

उपकप्तान स्टॅनफिल हे अत्यंत सभ्य गृहस्थ होते. त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटलं नाही. ते 'बघू' म्हणायचे. त्यांच्या मेजावर तीन ट्रे होते. एकावर लिहिलं होतं 'आलेले', दुसऱ्यावर 'गेलेले'. तिसऱ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. 'बघू' म्हटलेले कागद त्यात जात.

वेराच्या कागदाबद्दल 'बघू' म्हणायला त्यांच्याकडे कारण होतं, आणि ते सोनेरी होतं. आमच्या नौदलात अशी रीत आहे की ज्या जहाजावरची माणसं मुदत संपली तरी सोडून जात नाहीत, पुन्हा सही करून राहतात, त्या जहाजाला बक्षीस मिळतं. बक्षीस म्हणजे आपला नांगर सोनेरी रंगानं रंगवायची परवानगी. रंग आपणच आणायचा, रंगवायचाही आपणच. पण बंदरात शेजारची जहाजं जळतात. त्या वर्षी आमच्या वीस जणांची मुदत संपत होती, आणि बक्षिसासाठी अठरा जण राहायला हवे होते. दोघे आधीच गेले होते. एक पाद्री व्हायला गेला आणि दुसऱ्यानं पिझ्झाचं दुकान काढलं. वेरा तिसरी ठरली असती. बाकीचे का राहिले याचं कारण कुणी विचारलं नाही. मला वाटतं, जे जहाज कुठेच जात नाही ते सोडायचं त्यांना सुचलंच नसावं.

उपकप्तानांना बक्षिसाची इतकी खात्री होती की डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच त्यांनी नांगर सोनेरी करून टाकला. करून टाकला म्हणजे वेराकडून करवून घेतला. तीन दिवस ती जहाजाच्या नाकाशी दोराच्या फळीवर लटकून, माणसं सोडून जात नाहीत याचा आनंद दोन हात देऊन रंगवत होती. मी एकदा धक्क्यावरून विचारलं, "कागदाचं काय झालं?"

"बघू म्हणालेत."

"किती वेळा?"

"सहा."

"मग?"

"एप्रिलमध्ये बघू म्हणाले या वेळी. बक्षिसाचा हिशोब मार्चअखेर होतो ना." तिने ब्रश डब्याच्या कडेला निपटला. "बॅस्कम, त्या ट्रेमध्ये कितवा आहे माझा कागद?"

"सध्या पाचवा. वरचे दोन रजेचे आहेत, ते नाताळच्या आत निघतील. मग तिसरा."

तिने मान हलवली आणि नांगराचा उरलेला फाळ रंगवायला घेतला. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

नाताळनंतर चीफ डुप्री पहाऱ्याचा तक्ता लावत होता. एकतीस डिसेंबरच्या मध्यरात्री सुरू होणारा पहारा हा वर्षातला सगळ्यात नकोसा. सगळं बंदर नवं वर्ष साजरं करत असतं आणि आपण शिडीच्या तोंडाशी हात चोळत उभे. त्याच्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागत. वेरा म्हणाली, "मला द्या तो."

चीफने तिच्या कपाळाला हात लावून बघितला. "ताप नाही. मग काय गं, भांडण झालं का कुणाशी?"

"नाही."

"त्या पहाऱ्याची नोंद पद्यात लिहावी लागते, ठाऊक आहे ना? तुला गद्यसुद्धा धड बोलता येत नाही."

"बघू," वेरा म्हणाली.

चीफ खरं बोलत होता. जहाजाच्या नोंदवहीत एरवी एक अक्षर रंगतदार चालत नाही. कुठे बांधलंय, किती दोर, वीज कुठून, शेजारी कोण, दारं बंद की उघडी, एवढंच. पण नव्या वर्षाची पहिली नोंद पद्यात करायची जुनी प्रथा आहे. माहिती मात्र सगळी यायला हवी, कारण नोंदवही हा कायद्याचा कागद आहे. तिच्यात रबर चालत नाही. लिहिलेलं खोटं असेल तरच त्यावर एक रेघ मारून शेजारी आद्याक्षरं टाकायची. खरं असेल तर देवालाही खोडता येत नाही. महिनाअखेर ती वही वॉशिंग्टनला जाते आणि तिथे कायमची राहते; या पद्यांची स्पर्धाही तिथेच होते.

एक तारखेला सुटी होती. दोन तारखेला सकाळी साडेसातला मी नोंदवही उपकप्तानांपुढे ठेवली. त्यांनी पान उघडलं आणि ओळी मध्येच तुटलेल्या बघून त्यांचा चेहरा पडला. उपकप्तानांना पद्याचं वावडं होतं. जी ओळ समासापर्यंत पोचत नाही तिच्यात महत्त्वाचं काही नसतं, असं त्यांचं प्रामाणिक मत.

"पद्यच ना हे?"

"हो सर."

"सगळे मुद्दे आलेत?"

"एकही सुटलेला नाही, सर."

त्यांनी खाली आद्याक्षरं टाकली. मी ती नोंद वाचली होती का? वाचली होती. कारकुनाचं काम वाचणं आहे. सांगणं नाही.

आता आमचे कॅप्टन व्हिटकॉम्ब. ते उंच, सावकाश बोलणारे आणि पद्याचे मोठे शौकीन. स्वतः लिहीत नसत, ही त्यांची आणखी एक चांगली बाजू. वर्षातून या एका नोंदीची ते वाट बघत आणि दुपारच्या जेवणाला अधिकाऱ्यांना ती वाचून दाखवत. त्या दिवशी घेवड्याची चिली आणि मक्याचा पाव होता. मी सह्यांचे कागद घेऊन दाराशी उभा होतो. कॅप्टननी चष्मा लावला, बोटानं मेजावर ठेका धरला आणि सुरुवात केली:

धक्का बारा, बोट बांधली सहा दुहेरी दोरांनी;
वीज किनाऱ्यावरची, पाणी येते गावच्या नळांनी.

अधिकारी हसले. कॅप्टनही खूश झाले. "गावच्या नळांनी! छान."

शेजारी ती तीन विनाशक, पल्याड तेलाची होडी;
दारे-झडपा बंद व्यवस्थित, कडी न कोणी ती सोडी.

"वा. कुठे अडखळत नाही. कोण होतं पहाऱ्यावर?"

"नीमी, सर," कुणीतरी म्हणालं.

"नीमी? ती बोलते का?" आणि ते पुढे वाचू लागले:

उपकप्तानांच्या ट्रेमध्ये तिसरा वरुनी कागद तो,
ऑक्टोबरच्या चौदापासुन सहीवाचुनी निजतो तो.
नाव तयावर नीमी वेरा, पहाऱ्यावरी तीच उभी;
वारा वायव्येचा, चांदण कुठे न दिसते आज नभी.

बोटाचा ठेका शेवटच्या ओळीपर्यंत चालू राहिला. मग थांबला. चमचे आधीच थांबले होते.

"स्टॅनफिल," कॅप्टन म्हणाले, "हे काय आहे?"

"कविता आहे, सर. कवितेत जरा..."

"ही नोंदवही आहे. खाली आद्याक्षरं कुणाची?"

"माझी, सर."

"म्हणजे हे खरं आहे."

"खरं नसावं, सर."

"मग सही कशी केलीत?"

"पद्य होतं, सर."

कॅप्टननी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बॅस्कम, तो ट्रे आण."

"कुठला, सर?"

"किती आहेत?"

"तीन, सर. नाव नसलेला आणू?"

"तोच असणार."

मी ट्रे आणून पावाच्या टोपलीशेजारी ठेवला. उपकप्तान स्वतः उठले आणि एकेक कागद उचलून मोजायला लागले. तिसरा कागद दंतवैद्याचा निघाला. त्याच्या खाली वेराचा. उपकप्तानांचा चेहरा उजळला. आठवड्याभरात मी त्यांना इतकं खूश बघितलं नव्हतं.

"चौथा आहे, सर! नोंद चुकीची आहे. रेघ मारता येईल."

कॅप्टननी माझ्याकडे बघितलं. आता इथे गप्प राहिलो असतो तर उपकप्तान मला कायमचे विसरले नसते. पण मी कारकून. कागदाची जागा विचारल्यावर मला खोटं सांगता येत नाही, तो एक आजारच आहे.

"सर, आज सकाळी मी एक कागद वर ठेवला. आणखी दोन डबे सोनेरी रंग मागवल्याचा."

"म्हणजे एक तारखेला?"

"तिसरा, सर."

"काटेकोर आहे बाई," कॅप्टन म्हणाले आणि तो कागद बाहेर काढून वाचू लागले. तारीख बघितली, मनात मोजलं. "ऐंशी दिवस." मग चिली संपवली. थंड झाली होती, तरी संपवली. "जेवण झाल्यावर तिला वर पाठवा."

कॅप्टनच्या खोलीत आम्ही चौघे होतो. वेरा ताठ उभी. उपकप्तान खिडकीशी. मी वही घेऊन कोपऱ्यात.

"बसा," कॅप्टन म्हणाले. "हे तुम्ही लिहिलंत?"

"हो सर."

"मला येऊन सांगितलं असतंत तर?"

"दोनदा भेट मागितली, सर. उपकप्तान म्हणाले..."

"बघू," कॅप्टननी वाक्य पुरं केलं. उपकप्तान खिडकीबाहेर बघत राहिले, तिथे फक्त तेलाची होडी होती. "का जायचंय?"

"मला बोट चालवायचीय, सर."

"इथे जहाज आहे."

"सर, मी या जहाजावर आल्यापासून ते एकदा हललं. धक्का अकरावरून धक्का बारावर. तेही टगबोटीनं ओढून."

कॅप्टननी कागद वाचला. "पाईन स्लू. तिथेच का?"

"वडील तिथे खेकडे धरतात, सर. त्र्याहत्तरचे आहेत. एकटेच जातात. गेल्या हिवाळ्यात होडी आडवी झाली होती. ठाण्याच्या बोटीनं ओढून आणलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले."

"तुम्ही तिकडे जाताय हे त्यांना माहीत आहे?"

"नाही, सर."

"का?"

"त्यांनी विचारलं नाही."

कॅप्टननी मान हलवली, जणू हे कारण त्यांना पटलं. "तुमची एक पायरी जाईल. पहिल्या श्रेणीतून दुसऱ्या श्रेणीत याल. तुमच्याहून दहा वर्षांनी लहान पोरगा हुकूम देईल."

"हो सर."

"आणि तुम्ही गेलात तर नांगर जातो. स्टॅनफिल, बरोबर?"

"बरोबर, सर," उपकप्तान म्हणाले. मग जरा हळू, "सर, एप्रिलमध्ये सोडलं तर दोन्ही जमेल. तिचंही आणि आपलंही."

"एप्रिलमध्ये जागा नसेल, सर," वेरा म्हणाली. "नऊ तारखेपर्यंत आहे."

"मला वाचता येतं," कॅप्टन म्हणाले. "सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं नाही. तीन, चार, पाच, सहा तारीख गेली. कॅप्टनचं त्या वर्षी बढतीचं होतं. 'वेदरबी'नं काही समुद्र पालथा घातलेला नव्हता, तेव्हा त्यांच्या नावापुढे लिहायला त्या वर्षात एकच गोष्ट होती, आणि ती सोनेरी होती. हे जहाजावर सगळ्यांना ठाऊक होतं. कागद आता कॅप्टनच्या मेजावर होता. तिथे ट्रे नव्हता, नुसतं मेज. मी रोज सकाळी कॉफी नेताना बघायचो. कधी तो डावीकडे असे, कधी उजवीकडे. एकदा त्यावर कपाचा गोल डाग पडलेला दिसला. मी मनात म्हटलं, चला, निदान उघडा आहे.

वेरा नेहमीसारखी दोर तपासत होती. सात तारखेला चीफ डुप्री तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला.

"हे बघ, नाही झालं तर नाही झालं. इथे तरी काय वाईट आहे? तीन वेळा खायला मिळतं, लाट एक नाही."

"हो चीफ."

"मी खरंच सांगतोय."

"ठाऊक आहे, चीफ."

"तुझ्यासाठी बदक मागवलं होतं मी. आलंय. परत करता येत नाही म्हणे." आणि तो निघून गेला. त्याला दिलासा द्यायचा होता. त्याच्याकडे तेवढाच प्रकार होता.

आठ तारखेला दुपारी कॅप्टननी मला आणि उपकप्तानांना बोलावलं. कागद मधोमध होता.

"बॅस्कम, नोंदवही वॉशिंग्टनला कधी जाते?"

"महिनाअखेर, सर."

"आणि पद्याच्या स्पर्धेला?"

"त्याच पानाची प्रत, सर."

"तिथले लोक वाचतात?"

"मोठ्यानं वाचतात असं ऐकलंय, सर."

त्यांनी डागावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "नोंदवहीत एखादी गोष्ट उघडी पडली की पुढे कुठेतरी तिचं काय झालं ते लिहावं लागतं. झडप उघडली तर बंद केल्याची वेळ लिहितो आपण. कागद निजलाय असं लिहिलंय. तो उठला की नाही, हे लिहावं लागेल. स्टॅनफिल, तुमची शिफारस?"

फॉर्मवर उपकप्तानांच्या शिफारशीचा रकाना होता. त्यात दोनच चौकोन होते, 'बघू'चा नव्हता. उपकप्तानांनी पेन काढलं. मला वाटलं, आता ते सत्त्याऐंशीव्या दिवसाचीही सोय लावणार. त्यांनी 'शिफारस आहे' वर खूण केली.

कॅप्टननी भुवई उचलली.

"माझी आद्याक्षरं आधीच आहेत, सर, त्या पानावर," उपकप्तान कष्टानं म्हणाले. "मी सही केलेली गोष्ट खरी आहे. मग ती नीट तरी व्हायला हवी."

कॅप्टननी सही केली. दया दाखवली असं मी म्हणणार नाही, नौदलाच्या फॉर्मवर तसा रकाना नाही. पण सही करून झाल्यावर त्यांनी मला नोंद सांगितली, "चौदा वाजून दहा मिनिटांनी नीमी यांचा कागद सही होऊन निघाला," आणि म्हणाले, "गद्यात लिही. आनंदाच्या भरात काही करू नकोस."

नऊ तारखेला चीफ डुप्रीनं तिला स्वतःच्या पिकअपमधून भरती कार्यालयात नेलं. मी मागे बसलो, कारण कागद माझ्या ताब्यात होता आणि तो पोचल्याची पावती घ्यायची होती. वाटेतल्या बोगद्याच्या तोंडाशी गाड्यांची रांग लागली होती. अडीच वाजले. तीन वाजले. चीफ स्टिअरिंगवर बोटं आपटत होता.

"तू जाणार, आणि तो नांगर पुन्हा करडा कोण करणार? मी! या वयात मी फळीवर लटकणार."

"दोन हात द्या, चीफ. एका हातात सोनेरी झाकला जात नाही."

"शिकव मला. इतके दिवस मी शिकवलं, आता ही शिकवते." मग पुढच्या गाडीला उद्देशून तो असं काही बोलला की जे मी नोंदवहीत लिहिणार नाही.

तीन वाजून एकेचाळीस मिनिटांनी आम्ही पोचलो. भरती कार्यालयातल्या माणसानं कागद उलटसुलट केला आणि डागावर बोट ठेवलं. "हे काय?"

"कॅप्टनचा शिक्का," चीफ म्हणाला.

त्या माणसानं पावती दिली. वेरानं दुसऱ्या श्रेणीची पेटी ऑफिसर म्हणून नव्या कागदावर सही केली, आणि पहिल्यांदाच मी तिला हसताना बघितलं. फार नाही. पण फिनिश लोकांच्या मानानं तो गोंधळच होता.

वीस तारखेला सकाळी ती गेली. खांद्यावर एक पिशवी. शिडीच्या तोंडाशी तिनं रीतीप्रमाणे जहाज सोडायची परवानगी मागितली, निशाणाला सलाम केला आणि उतरली. उपकप्तान वर उभे होते. तिनं त्यांनाही सलाम केला. ते म्हणाले, "सांभाळून, नीमी," आणि आणखी काही बोलावं की नाही याचा विचार करत राहिले. तोवर ती धक्क्याच्या टोकाला पोचली होती.

आम्हाला बक्षीस मिळालं नाही. कॅप्टनना बढती मिळाली की नाही, हे विचारू नका. मिळाली, पण दोन वर्षांनी.

वेराकडून पत्राची अपेक्षा मी ठेवली नव्हती. पण जूनमध्ये आलं. एका पानाच्या निम्म्यात. लिहिलं होतं: ठाण्यातला हुकूम देणारा पोरगा माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आहे, बरा आहे. गेल्या मंगळवारी पहिल्यांदा मला बचाव बोटीचं चाक दिलं, शिकवणारा शेजारी उभा होता. ओहोटी निघाली होती. दांड्यावर लाट बरीच होती. आम्ही आत येत होतो आणि वडिलांची होडी बाहेर चालली होती. वीस-पंचवीस हातांवरून गेले. त्यांनी मान वर केली नाही. मग त्यांनी ठाण्याला वायरलेस केला की तुमची बोट कोण चालवतंय, फार जोरात आणतेय, तिला सांगा लाटेच्या पाठीवर बसून राहा, पुढे काढू नको. ठाण्यातल्या पोरानं सांगितलं, ती तुमची मुलगी आहे.

मग ते म्हणाले, "ठाऊक आहे. म्हणून तर सांगतोय."